ठाण्यातल्या बाल्कनीत अडेनियम, ऑर्किड आणि बाकीची फुलझाडं: पाण्याचा हिशोब कसा जमवायचा

दरवर्षी जून संपत आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक तरी फोटो येतोच. अडेनियमचं गुबगुबीत खोड खालून काळं पडलेलं, पानं पिवळी, आणि खाली विचारलेलं असतं, "काय झालं असेल हो, पाणी कमी पडलं का?" बहुतेक वेळा उलटंच झालेलं असतं, पाणी कुंडीत अडून बसलेलं असतं आणि मुळं आठ दिवस ओलीच असतात.

मी घोडबंदर रोडला राहते, नववा मजला, पश्चिमेची बाल्कनी. दुपारी दोननंतर सूर्य मावळेपर्यंत सरळ ऊन आणि पावसाळ्यात समोरून झड. माझ्याकडे पहिल्या पावसाळ्यात सात अडेनियम होती, त्यातली पाच गेली, आणि तेव्हा मला कोणी हे सांगितलं असतं तर वाचली असती म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आपल्याकडे ठाणे-मुंबईत उन्हाने झाडं फारशी मरत नाहीत. अडेनियम, ऑर्किड, बोगनवेल, चाफा ही सगळी गरम हवेतलीच मंडळी, त्यांना आपला मे महिना चालतो. अडचण अशी की आपल्याकडे वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्या चार महिन्यांत हवा इतकी दमट असते की टॉवेल दोन दिवस वाळत नाही, मग कुंडीतली माती कुठून वाळणार. म्हणून नवीन झाड आणलं की "याला पाणी किती घालायचं" हे विचारण्याआधी "याचं मूळ किती वेळ ओलं राहिलेलं चालतं" हे विचारायचं. अडेनियमचं मूळ एक-दोन दिवसांत वाळायला हवं, ऑर्किडचं सकाळी भिजलं तर संध्याकाळपर्यंत, आणि सोनटक्क्याचं मूळ कायम ओलं असलं तरी तो खूश. बाकी कुंडी कुठली, माती कुठली, जागा कुठली हे सगळं यावरूनच ठरतं.

ओल तपासायला मीटर वगैरे घ्यायची गरज नाही. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी असते ना, ती कुंडीत कडेने खालपर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा, काडी थंड आणि ओली लागली तर पाणी नको. दुसरं म्हणजे कुंडी उचलून बघायची सवय लावा. पाणी घातल्यावर एकदा उचला, पूर्ण वाळल्यावर एकदा उचला, चार-पाच वेळा केलं की हाताला कळायला लागतं.

आधी अडेनियमचंच सांगते कारण सगळ्यात जास्त तेच विकलं जातं आणि सगळ्यात जास्त तेच मरतं. हे झाड मूळचं आफ्रिकेतल्या कोरड्या पट्ट्यातलं आणि अरबस्तानातलं, नाव पण एडनवरून पडलंय. पाऊस कमी, तो पण थोडे दिवस, म्हणून ते खोडात पाणी साठवून ठेवतं, तो जाडा बुंधा म्हणजे त्याची टाकी. आपली कण्हेर, तगर, सदाफुली, खुरचाफा सगळे याचे भाऊबंद, फांदी मोडली की सगळ्यांना चीक येतो. अडेनियमचा चीक विषारी आहे हे मात्र लक्षात ठेवा, आफ्रिकेत तो बाणाच्या टोकाला लावत असत, तेव्हा छाटणी करताना हातमोजे घाला, डोळ्याला हात लावू नका आणि घरात रांगतं बाळ किंवा पानं चावणारं मांजर असेल तर झाड वर टांगा.

नर्सरीतून आणलेलं अडेनियम बहुतेक वेळा लाल चिकट मातीत नाहीतर नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) असतं. लाल माती उन्हाळ्यात विटेसारखी होते, वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं, आणि पावसाळ्यात तिचाच चिखल होतो. कोकोपीट तर जुलैमध्ये वाळतच नाही. त्यामुळे घरी आणल्यावर आठवडाभर सवय होऊ द्या आणि मग मिक्स बदला. मी वापरते ते असं, दोन भाग सिंडर (म्हणजे जळलेल्या दगडी कोळशाचा भोकाभोकांचा हलका खडा, मोठ्या नर्सऱ्यांमध्ये मिळतो), एक भाग विटांचे शेंगदाण्याएवढे तुकडे, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि मूठभर बोनमील, म्हणजे हाडांची भुकटी. सिंडर नाही मिळाला तर विटांचे तुकडे वाढवा, नाहीतर बांधकामाची जाड वाळू धुऊन घ्या. समुद्राची वाळू चुकूनही नको, मीठ असतं. सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे हे सगळं चहाच्या नाही पण पिठाच्या चाळणीने चाळून बारीक भुकटी काढून टाकणं, कारण तीच खाली जाऊन भोकं बुजवते आणि मग कितीही महागाचं मिक्स असलं तरी उपयोग नाही. तपासायचं कसं, तर भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओता, वर तळं न साचता लगेच खालून धार लागली पाहिजे.

कुंडी उथळ आणि पसरट घ्या, मातीची असेल तर उत्तम. खोल कुंडीत खालचा भाग ओलाच राहतो आणि मुळं तिथपर्यंत गेलेली नसतात.

रिपॉटिंगचा, म्हणजे झाड काढून नवीन मिक्समध्ये लावायचा मुहूर्त पाडव्याच्या आसपास, म्हणजे मार्च ते एप्रिल. थंडी गेलेली असते, ऊन तापायला लागलेलं असतं आणि जखमा भरायला पावसाच्या आधी दोन महिने मिळतात. झाड काढा, मुळं धुवा, कुजलेली आणि दोरीसारखी गुंता झालेली मुळं धारदार ब्लेडने कापा, मग सावलीत तीन-चार दिवस तसंच उघडं ठेवा. हो, मातीशिवाय. पहिल्यांदा जीव धजावत नाही पण काही होत नाही, बुंध्यात पाणी असतं. काप सुकून त्यावर खपली धरली की मग लावा, आणि लावताना दरवर्षी बोटभर वर उचलून लावा म्हणजे फुगलेलं मूळ बाहेर दिसतं, तेच तर त्या झाडाचं सौंदर्य. लावल्यावर पण चार दिवस पाणी नाही.

आता पावसाळा. मृग लागायच्या आत अडेनियमना छपराखाली आणा, जिथे ऊन येईल पण झड येणार नाही. आमच्या पश्चिमेच्या बाल्कनीत ते जमत नाही म्हणून मी ग्रिलला आतून जाड पारदर्शक प्लॅस्टिक बांधते, खालून आणि वरून वीतभर मोकळं सोडून, कारण हवा बंद केली तर बुरशी येते. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी निदान कुंडी तिरकी ठेवावी, एका बाजूने वीट घालून, म्हणजे पाणी लवकर निघून जातं. पावसाळ्यात पाणी मी घालतच नाही म्हटलं तरी चालेल, सलग आठ-दहा दिवस उघडीप असली आणि काडी कोरडी आली तरच थोडंसं.

बुंधा मऊ लागला की लगेच घाबरू नका. दोन कारणं असतात आणि दोन्हींचे उपाय एकदम उलटे आहेत, म्हणून हाताने नीट चाचपून बघा. तहानेने मऊ झाला असेल तर सगळीकडून सारखा मऊ लागतो, जरा सुरकुतलेला असतो, पाणी घातलं की दोन-तीन दिवसांत टणक होतो. सडत असेल तर एकाच जागी मऊ लागतो, बहुतेक खाली मातीच्या जवळ, साल तपकिरी होते, दाबलं तर पाणी सुटतं आणि वास येतो. सड असेल तर एक दिवस पण थांबू नका, त्याच संध्याकाळी झाड उपटा, ब्लेड स्पिरिटने पुसा आणि सडलेला भाग कापत जा, आतला गर पूर्ण पांढरा स्वच्छ दिसेपर्यंत. तपकिरी ठिपका जरी राहिला तरी परत सड येते. दर कापाला ब्लेड पुसायचं. मग त्यावर दालचिनीची पूड किंवा कार्बेन्डाझिम-मँकोझेब या बुरशीनाशकाची पावडर लावा आणि झाड उलटं टांगून आठ-दहा दिवस वाळवा, पावसाळ्यात पंख्याखाली. मग कोरड्या मिक्समध्ये लावायचं. माझ्या गेलेल्या पाचांपैकी निदान तीन तरी अशी वाचली असती, मला ती तहानलेली वाटली आणि मी पाणी घालत राहिले.

बियांचं पण सांगते, कारण त्यात फार मजा आहे. फूल गेल्यावर कधीकधी बैलाच्या शिंगांसारखी शेंगांची जोडी येते. तिला सैलसर दोरा गुंडाळून ठेवा, नाहीतर शेंग उकलली की बियांना दोन्ही टोकांना कापसाचे झुपके असतात, वाऱ्यावर सगळ्या उडून जातात, नवव्या मजल्यावरून कुठे शोधणार. ताजं बी आठवड्याभरात उगवतं. फूल आईसारखंच येईल असं नाही, तीच तर उत्सुकता. फांदी लावून पण झाड येतं पण बुंधा तसा गोलमटोल होत नाही, म्हणून मी बियाच लावते. कलमी झाड आणलं असेल, ते डबल-ट्रिपल पाकळ्यांचं, तर कलमाच्या जोडाखाली येणारे फुटवे काढत राहा, नाहीतर खालचं साधं झाड वरच्याला खाऊन टाकतं.

कीड म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये लाल कोळी, पानांच्या मागे बारीक जाळी आणि पानं धुरकट दिसतात, उंच मजल्यावर कोरड्या वाऱ्याने जास्त होतं, पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस मारला की बरंच कमी होतं. मिलीबग कापसासारखा दिसतो, कानात घालायच्या काडीला स्पिरिट लावून एकेक टिपा, मग नीम ऑइल, लिटरला पाच मिली, थोडं लिक्विड सोप घालून, संध्याकाळीच मारायचं, उन्हात मारलं तर पानं भाजतात. मुंग्या वर-खाली करताना दिसल्या तर समजा मिलीबग आलाय, त्याच त्याला इकडून तिकडे नेतात. आणि एका रात्रीत अर्धी पानं गायब झाली तर कुंडीखाली बघा, बोटाएवढी जाडी हिरवी अळी असेल, डोक्यापाशी दोन निळे डोळे असल्यासारखे ठिपके. ती कण्हेरीवरच्या पतंगाची अळी, अडेनियम तिला कण्हेरीइतकंच आवडतं. मारू नका, फार देखणा हिरवा पतंग होतो तिचा. मी उचलून खाली सोसायटीच्या तगरीवर सोडते, तगर मोठी असते, तिला फरक पडत नाही.

सक्युलंटच्या, म्हणजे पानात-खोडात पाणी साठवणाऱ्या झाडांच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. ती गुलाबाच्या फुलासारखी दिसणारी इचेव्हेरिया, जी ऑनलाइन फोटोत निळी-गुलाबी दिसते, ती ठाण्यात आणू नका. मेक्सिकोच्या उंच डोंगरातली आहे, तिला रात्री गारवा लागतो. आपल्याकडे ती दोन महिन्यांत उंच लांबते, रंग जातो आणि जुलैमध्ये पाणी होऊन बसते. पुण्यात माझ्या बहिणीकडे तीच बरी येते कारण तिथे रात्री गार आणि पाऊस आपल्या मानाने कमी. लाल-पिवळा गोळा डोक्यावर असलेला कलमी कॅक्टस मुलांना आवडतो, पण त्या रंगीत गोळ्यात हरितद्रव्यच नसतं, तो खालच्या हिरव्या खुंटावर जगतो, त्यामुळे फार वर्षं टिकेल अशी आशा ठेवू नका.

त्यापेक्षा हावर्थिया घ्या, गॅस्टेरिया घ्या, या सावलीतल्या आहेत, खिडकीत उजेड असला की झालं. सान्सेव्हेरिया म्हणजे स्नेक प्लांट, कोरफड, आणि छोट्या गोल पानांचं जेड, ही आपल्या हवेत रुळलेली आहेत. आणि फुलं हवी असतील तर युफोर्बिया मिली, ते काटेरी खोडाचं, लाल-गुलाबी जोडफुलांचं. नवीन माणसाला पहिलं झाड कोणतं असं मला विचारलं तर मी अडेनियमच्या आधी हेच सांगते. मादागास्करचं झाड आहे, भरपूर ऊन द्या, कुंडीत पाणी साचू देऊ नका, बारा महिने फुलतं आणि आपला पावसाळा पण बऱ्यापैकी सोसतं. चीक मात्र याचा पण वाईट, डोळ्यात गेला तर डॉक्टरच गाठावा लागेल.

कलांचो दिवाळीनंतर नर्सरीत भरभरून येतो, तो घरी परत का फुलत नाही याचं कारण दिवे. रात्र मोठी झाली की तो कळ्या धरतो, आणि आपण बाल्कनीत अकरापर्यंत ट्यूबलाइट लावून ठेवतो. ऑक्टोबरपासून त्याला संध्याकाळी अंधार पडेल अशा कोपऱ्यात हलवा.

आता ऑर्किड. लोक म्हणतात ऑर्किड आपलं काम नाही, महागाचं, नाजूक. मला उलट वाटतं की ठाण्याची दमट हवा ऑर्किडसाठी फार चांगली आहे, पुण्या-नाशिकच्या लोकांना जी ओल फवारून आणावी लागते ती आपल्याला फुकट मिळते. आणि ऑर्किड आपल्याला परकं पण नाही. गणपतीच्या मखराला जी जांभळी-पांढरी फुलं लावतो ती बहुतेक डेंड्रोबियम या ऑर्किडचीच. सह्याद्रीत झाडांच्या फांद्यांवर मे-जूनमध्ये सीतेची वेणी फुलते, शेपटीसारखा लांब गुलाबी-पांढरा घोस, तीच आसाममध्ये कपौ फूल म्हणून राज्यफूल आहे आणि बिहूला तिथल्या बायका केसात माळतात. ती झाडावरच बघायची. येऊरला किंवा घाटात फिरायला गेल्यावर फांदीसकट ऑर्किड काढून आणणारे लोक मी बघितलेत, फार वाईट वाटतं. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात आहे, तिथून झाड काढणं गुन्हा आहे, आणि तसं आणलेलं ऑर्किड बहुतेक मरतंच, कारण त्या फांदीवर वर्षानुवर्षं जमवलेली मुळं तुटलेली असतात. नर्सरीतलं, रोपवाटिकेत वाढवलेलंच घ्या.

ऑर्किडचं मूळ एकदा नीट बघा म्हणजे सगळं समजेल. त्यावर स्पंजसारखा चंदेरी थर असतो. पाणी लागलं की तो क्षणात भिजतो आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो, वाळला की परत चंदेरी. जंगलात पाऊस पडतो, मूळ भिजतं, मग वारा लागून वाळतं, हेच चक्र आपल्याला घरी चालवायचंय. म्हणून माती नाही. लोणारी कोळशाचे सुपारी ते लिंबाएवढे तुकडे, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे चौकोनी तुकडे, बस. कोळसा एक दिवस पाण्यात भिजवून धुऊन घ्या. सोडण असेल तर दोन-तीनदा पाणी बदलून भिजवायचं, खारटपणा आणि तो तांबूस रंग निघून जातो. पावसाची झड लागणाऱ्या बाल्कनीत सोडण अजिबात घालू नका, नुसता कोळसा आणि विटा. आत ग्रिलमध्ये सावलीत असेल तर थोडं सोडण चालतं, नाहीतर उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी द्यावं लागेल.

सुरुवात डेंड्रोबियमने करा. सकाळचं ऊन येणारी पूर्वेची बाल्कनी असेल तर तुम्ही नशीबवान, पश्चिमेला ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी हिरवी नेट बांधावी लागते. याच्या उसासारख्या कांड्या असतात. जुन्या कांडीची पानं गळली की लोक ती वाळकी समजून कापतात, कापू नका, त्यात साठा असतो आणि बऱ्याचदा त्याच कांडीवर परत फुलं येतात. पिवळी पडून सुरकुतून पोकळ झाली तरच काढा. कांडीवर छोटं रोप मुळांसकट फुटतं त्याला कीकी म्हणतात, मुळं दोन-तीन इंच झाली की अलगद काढून वेगळं लावायचं, फुकटचं झाड.

व्हँडा मला सगळ्यात आवडतं पण ते रोजचं पाणी मागतं. टोपलीत टांगायचं, मिक्स काहीच नाही, मुळं हवेत लोंबतात. सकाळी मुळं हिरवी होईपर्यंत पाणी, म्हणजे एकदा मारून पाच मिनिटांनी परत, मे महिन्यात संध्याकाळी पण. चार दिवस गावाला जाणार असाल आणि पाणी घालायला कोणी नसेल तर व्हँडाच्या वाटेला जाऊ नका. पावसात मात्र ते बाहेरच राहू द्या, वारा लागत असला तर कितीही भिजलं तरी त्याला चालतं, उलट जून-जुलैत नवीन मुळं सुटतात. चार-पाच दिवस सलग कोसळत असेल तर उघडीप मिळताच एकदा बुरशीनाशक मारून घ्या. आणि रात्री टॉर्च घेऊन बघा, गोगलगायी मुळांची हिरवी कोवळी टोकं खातात, आणि टोक खाल्लं की मूळ वाढायचं थांबतं.

फॅलेनोप्सिस, मॉलमध्ये पांढऱ्या-जांभळ्या फुलांचं मिळतं ते, त्याला थेट ऊन नको. फूल गेल्यावर हे परत येतच नाही असं सगळे म्हणतात. त्याला नवीन दांडी धरायला काही आठवडे रात्रीचा थोडा गारवा लागतो, आणि तो आपल्याला डिसेंबर-जानेवारीत मिळतो. तेव्हा त्या दोन महिन्यांत त्याला हॉलमध्ये टीव्हीशेजारी न ठेवता रात्री खिडकी उघडी असेल तिथे ठेवा, बहुतेक संक्रांतीच्या आसपास पानाखालून दांडी डोकावते. दांडी आणि मूळ यात गोंधळ होतो, मुळाचं टोक गोल गुळगुळीत, दांडीचं टोक जरा चपटं, फक्त अंगठा वेगळा असलेल्या हातमोज्यासारखं. पाणी घालताना मधल्या खोबणीत पाणी राहिलं तर टिश्यूने टिपा, पावसाळ्यात तिथूनच सडतं. जंगलात ते फांदीवर तिरकं लोंबतं म्हणून पाणी साचत नाही, तुम्ही पण कुंडीत थोडं तिरकं लावा.

पानांचा रंग वाचायला शिका. गडद हिरवी म्हणजे उजेड कमी, फुलं येणार नाहीत. पोपटी म्हणजे बरोबर. लालसर किंवा पिवळट म्हणजे ऊन जास्त. एक गोष्ट खूप जणांच्या लक्षात येत नाही, ठाण्यात मेच्या मध्यावर शून्य सावली होते, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैच्या शेवटपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणून वर्षभर सावलीत असलेल्या उत्तरेच्या खिडकीतलं ऑर्किड मेअखेर अचानक भाजतं आणि माणसाला कळत नाही की ऊन आलं कुठून. तेवढे दिवस पातळ पडदा लावा.

सिंबिडियम नावाचं मोठ्या फुलांच्या घोसाचं ऑर्किड फुलांसकट विकायला येतं, ते गार हवेतलं आहे, फुलं बघायची तर घ्या, पण पुढच्या वर्षी ठाण्यात फुलेल असं धरून चालू नका.

खत ऑर्किडला थोडंच पण नेमाने. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी साधं पाणी मारून मुळं भिजवायची मग खत. आरओच्या फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी बरेच लोक झाडांना वापरतात, ऑर्किडला नको, त्यात क्षार जास्त असतात आणि मुळांची टोकं जळतात. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, तेव्हा महिन्यातून एकदा मी पावसात भरून ठेवलेल्या पाण्याने ऑर्किड स्वच्छ धुते. पाणी साठवताना पिंपाला घट्ट झाकण हवंच.

बाकी फुलझाडांचं पटकन सांगते. बोगनवेल फुलत नसेल तर पाणी कमी करा, पानं जरा मलूल होईपर्यंत थांबा मग भरपूर पाणी द्या, असं दोन-तीनदा केलं की रंगते, पावसाळ्यात ती नुसती पानंच काढणार, तेव्हा छाटून घ्या. खुरचाफा थंडीत पानं टाकतो, मेला म्हणून उपटू नका, आणि त्या दिवसांत पाणी जवळपास बंद. पावसात त्याच्या पानांमागे नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा, ती पानं काढून पिशवीत घालून टाकून द्या. जास्वंद देशी घ्या, मोठ्या रंगीत फुलांच्या संकरित जाती दिसायला सुंदर पण आपल्या सततच्या पावसात लवकर खचतात. हेलिकोनिया आणि सोनटक्का कुंडीत कोंडण्यापेक्षा सोसायटीच्या बागेत नळाजवळ, जिथे पाणी साचतं तिथे लावा, सोनटक्का भर पावसात फुलतो आणि अख्ख्या विंगला वास येतो. अँथुरियम आणि पीस लिली ज्यांच्याकडे ऊनच येत नाही त्यांच्यासाठी.

कुंडीखालच्या ताटल्यांवरून आमच्याकडे बरंच झालं. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, तुझ्या झाडांचं पाणी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं." बरोबर होतं त्यांचं. मी म्हटलं, "काकू, ताटल्या ठेवते, पण पावसाळ्यात नाही ठेवणार, डासांची अंडी होतात." मग आम्ही ठरवलं की मी सकाळी सातच्या आत पाणी घालायचं आणि त्यांनी कपडे त्यानंतर वाळत घालायचे. पावसाळ्यात ताटल्या काढूनच टाका, डेंग्यूचा डास बाटलीच्या झाकणाएवढ्या पाण्यात पण वाढतो. बाकीच्या महिन्यांत ताटलीत खडी भरा, म्हणजे कुंडीचं बूड पाण्यात बुडत नाही, आणि आठवड्यातून एकदा ती रिकामी करून घासा.

झाडं कुठून घ्यायची हे पण विचारतात. घोडबंदरच्या नर्सऱ्यांमध्ये फिरा, ठाणे महापालिकेचं वृक्षवल्ली प्रदर्शन आणि भायखळ्याला राणीच्या बागेतलं झाडाफुलांचं प्रदर्शन असतं तिथे जा, तिथे वर्षानुवर्षं झाडं वाढवणारे लोक भेटतात आणि मनापासून सांगतात. जून-जुलैत अडेनियम विकत घेऊ नका, आतून सडायला लागलेलं ओळखू येत नाही. बुंधा दाबून बघा, ऑर्किडची मुळं बघा, फुलं किती आहेत ते शेवटी. आणि दुकानदाराला विचारा, "दादा, हे इथे किती महिने आहे?" कालच गार हवेच्या गावाहून आलेल्या झाडापेक्षा इथला एक पावसाळा काढलेलं झाड थोडं महाग असलं तरी घ्यावं.

पाऊस गेला की ऑक्टोबरचा चटका एकदम सुरू होतो. चार महिने आत असलेलं अडेनियम लगेच भर उन्हात ठेवलं तर बुंध्यावर पांढरे भाजलेले चट्टे पडतात, ते जात नाहीत. पहिले तीन-चार दिवस फक्त सकाळचं ऊन, मग हळूहळू वाढवत पंधरा दिवसांत पूर्ण ऊन. वरची शेवाळलेली इंचभर माती खरवडून नवीन मिक्स घाला, पानं तजेलदार दिसायला लागली की मगच खत सुरू करा, आणि काडी खुपसून बघितल्याशिवाय पाणी नको.